पोळपाटाखालचे तीन ठिपके

युसूफ वडगावच्या आठवडी बाजारात सुरेखा नसीमच्या पोत्यासमोर उकिडवी बसली. मांडलेले पोळपाट तिनं एकेक करून उलटेपालटे केले आणि म्हणाली, "ह्यातला तुमच्या जावंच्या हातचा कोणता हाय? मला शाईस्ताचाच पायजे."

पोत्यावर चौदा पोळपाट होते आणि चौदाच्या चौदा नसीमच्या हातचे होते. बाभळीचा ओंडका निवडण्यापासून ते खोबरेल तेलाचा शेवटचा हात फिरवण्यापर्यंत दुसऱ्या कुणाचं बोट त्यांना लागलेलं नव्हतं. शाईस्तानं त्यातल्या सहांच्या पाठीवर फक्त लिहिलं होतं. नसीमनं त्या सहांतला एक उचलून सुरेखाला दिला आणि बाजार उठेपर्यंत कुणाशी धड बोलली नाही. शेजारी फळांच्या गाड्यावर उभा असलेला तिचा नवरा मकसूद दोनदा विचारून गेला, "डोकं दुखतंय का?"

दुखत होतं ते डोकं नव्हतं.

नसीम मूळची माजलगावची. तिचे अब्बा खरादी होते. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवून पटाशीनं त्याला गोलाई देणारं यंत्र. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, पोळपाट, सगळं तिच्यावरच उतरतं. अब्बांना मुलगा होता, मुजाहिद, पण त्याचा जीव मोटारसायकलींत. खरादीशी उभी राहायची ती नसीम. उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेली, मग अम्मी वारली आणि शाळा सुटली. हात मात्र खरादीवर बसला. पटाशीखाली लाकडाचा आवाज बदलला की आत गाठ आहे हे तिला दिसायच्या आधी कळायचं. लग्न होऊन ती युसूफ वडगावला आली आणि अब्बा गेल्यावर मुजाहिदनं खराद टेम्पोत घालून तिच्या दारात आणून उतरवली. "तुझीच हाय ही. माझ्या गॅरेजात नुसती जागा अडवती," एवढंच बोलला आणि चहाही न घेता गेला.

बाईमाणसानं पटाशी धरायची म्हटल्यावर नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. मकसूदनं मात्र घरामागच्या पत्र्याखाली खराद बसवून दिली आणि दर बाजारी आपल्या गाड्याशेजारी बायकोसाठी एक पोतं अंथरू लागला. त्याला सोळा वर्षं झाली. गावातल्या निम्म्या चपात्या नसीमच्या पोळपाटावर लाटल्या जात होत्या, पण गाव त्याला 'मकसूदच्या गाड्यावरचा पोळपाट' म्हणायचं. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. नवऱ्याचं नाव झालं काय आणि आपलं झालं काय.

वाटायला लागलं ते शाईस्ता घरात आल्यावर.

शाईस्ता म्हणजे मकसूदच्या धाकट्या भावाची, आमेरची बायको. अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, हसरी, बोलकी, अक्षर मोत्याचं. दीड वर्षापूर्वी तिनं लाकडावर जाळून लिहायचं एक विजेचं पेन मागवलं. "भाभी, एवढं सुंदर काम आणि त्याच्यावर नाव नाही, गाव नाही! पोळपाटाला नाव पाहिजे," असं ती म्हणाली तेव्हा नसीमला ते मनापासून पटलं होतं. तांब्या-ताटांवर नावं घालतात ती देणाऱ्याची, नाहीतर घेणाऱ्याची. करणाऱ्याचं नाव कधी कुठं असतं? आता असेल, असं तिला वाटलं. रात्रभर ती मनातल्या मनात आपलं नाव पोळपाटाच्या पाठीवर ठेवून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी शाईस्तानं लिहून आणलं. वळणदार अक्षरांत 'शाईस्ता हस्तकला', बाजूला एक नाजूक वेल, खाली मोबाइल नंबर.

"फोन मलाच घ्यावा लागणार ना भाभी, म्हणून माझं," ती इतक्या मोकळेपणानं म्हणाली की नसीमला तिच्या बोलण्यात बोट ठेवायला जागाच सापडली नाही. फोटो काढले गेले, लातूरहून फोन आले, पुण्याहून आले. माल खपू लागला. मकसूद खूश, आमेर खूश. बारावीतली अलिना, नसीमची एकुलती एक पोर, एकदा जेवताना म्हणाली, "अम्मी, चाचीचं डोकं बघ ना किती चालतं. मला पण चाचीसारखं व्हायचंय." नसीमनं तिच्या ताटात भाजी वाढली. वाढताना हात जरा जोरात आपटला, एवढंच. आईच्या पोटात काय पेटलंय हे सतरा वर्षांच्या पोरीला कुठून दिसणार!

आणि मग छबुबाईंचा निरोप आला.

छबुबाई म्हणजे सुंदररावांच्या मालकीणबाई. गावात सगळ्यांत जास्त जमीन त्यांची, आणि सगळ्यांत मोठा आवाज छबुबाईंचा. त्यांची नात संस्कृती, तिचं लग्न ठरलं होतं. त्या गाड्यापाशी थांबून मकसूदला म्हणाल्या, "पोरीच्या रुखवताचं सगळं लाकडी सामान इथंच करायचंय. पाट, चौरंग, पोळपाट, लाटणं, रवी, सगळं. सप्ताह उरकला की तुमच्या शाईस्ताला घराकडं लावून द्या."

रुखवत म्हणजे लग्नात मांडून ठेवलेलं प्रदर्शनच. दोन्हीकडचं वऱ्हाड त्याच्याभोवती फिरतं, बायका एकेक वस्तू हातात घेऊन पाहतात. खरादीवर काम करणाऱ्या बाईला असं काम आयुष्यात एकदा मिळालं तरी पुष्कळ. आणि त्यासाठी बोलावणं आलं ते शाईस्ताला.

"माझं नाव न्हाई घेतलं?" नसीमनं मकसूदला विचारलं.

"घरातलंच काम हाय की. कुणाचंबी नाव घेऊ दे."

"मग उद्यापासून तुमच्या गाड्यावर आमेरचं नाव लिहा. घरातलाच गाडा हाय."

मकसूद एक पेरू पुसत राहिला. पुसून झालेला पेरू त्यानं परत पुसला.

शाईस्ताला तोंडावर सांगणं नसीमला जमलं नाही. सांगायचं तरी काय? 'माझं नाव लिही' म्हणून मागून घेतलेलं नाव म्हणजे शेजारणीकडून उसनं आणलेलं लुगडं. ते नेसून मिरवायचं कसं? तिनं दुसरी वाट धरली. कबाबाची सळई चुलीत लाल केली आणि नव्या पोळपाटाच्या पाठीवर तीन ठिपके डागले, वर एक, खाली दोन. उर्दूत तिचं नाव लिहिलं की एवढेच ठिपके पडतात. बाकीची वळणं सळईनं काढणं तिच्या हाताबाहेरचं होतं. ठिपके तेवढे जमत होते आणि ते शाईस्ताचे नक्कीच नव्हते.

त्यानंतर शाईस्ता पेन घेऊन आली की नसीम म्हणायची, "लाकूड ओलं हाय अजून. राहू दे." दोन बाजारांत तीन ठिपक्यांचे अकरा पोळपाट गेले. बायका विचारायच्या, "हे काय हो खाली?" नसीम सांगायची, "खूण हाय." कुणाची, असं कुणीतरी विचारील म्हणून ती थांबायची. कुणी विचारलं नाही. उलट बायका खूश झाल्या. "बरं झालं, आयतीच खूण मिळाली!"

घोटाळा झाला तो इथं.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी देवळामागं सगळ्या गावाच्या पोळ्या होतात. घराघरातली बाई आपला पोळपाट-लाटणं घेऊन येते. दीडशे बायका, दीडशे पोळपाट, सगळे गोल. कुणाचा कोणता हे ओळखायचं कसं? म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी पायाला लाल दोरा बांधते, कुणी नेलपॉलिशचा पट्टा ओढते, कुणी बुडाला खिळा ठोकते. सगळं उरकलं की पोळपाट धुऊन एका ढिगात पडतात आणि देवळाची झाडलोट करणारा धुळाजी दुसऱ्या दिवशी खुणा पाहून ते घरोघर पोचवतो. त्याला गावातली प्रत्येक खूण तोंडपाठ. नसीमच्या घरचा पोळपाट त्या ढिगात कधी गेला नव्हता. लग्नाला, सप्ताहाला बोलावणं असायचं, जेवण असायचं, पण लाटायला नव्हे. सोळा वर्षं ती गावाला पोळपाट देत होती आणि पोळपाटांना खुणा असतात हेच तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाजी तिच्या दारात उभा. काखेत चार पोळपाट.

"शाईस्ताबाई हायती का? यंदा पोळ्या लाटाया आलत्या वाटतं. आमाला दिसल्या न्हाईत."

शाईस्ता बाहेर आली. चारही पोळपाटांवर तिचं नाव, दुसरी कसली खूण नाही. धुळाजीनं अक्षरं लावून वाचलं होतं, आणि त्याच्या हिशेबी ज्याचं नाव त्याची वस्तू. शाईस्ता हसत सुटली. नसीमलाही हसू आलं, आणि खरं सांगायचं तर ते जावेपेक्षा जास्त आलं. म्हटलं, घे आता, लिही नाव.

तेवढ्यात सुरेखा तरातरा आली. "माझा पोळपाट हितं आलाय म्हणं?" तिनं चारांतला आपला ओढून घेतला आणि नसीमकडं वळली. "माझा गावला तरी. तुमच्या तीन ठिपक्यांवाल्या सगळ्या बाया तिकडं छबुबाईच्या अंगणात भांडायल्यात. तीन ठिपके म्हंजे त्यांच्या घरची खूण, त्यांच्या सासूपास्नं! धुळाजीनं सगळे तिकडंच टाकले. छबुबाई म्हणायल्या, बोलवा त्या मकसूदच्या बायकोला. नसीमभाभी, तुमी त्यांची खूण कावून घातली?"

शाईस्ताचं हसू थांबलं होतं आणि ती नसीमकडं पाहत होती.

"ठिपके? कुठले ठिपके, भाभी? लाकूड ओलं होतं ना?"

नसीमनं ओढणी डोक्यावर सारखी केली आणि चपला घातल्या.

"थांबा, मी येते," शाईस्ता म्हणाली. "मोठ्या माणसांपुढं तुम्हाला बोलता येत नाही. मी समजावून सांगते." तिनं आपल्या नावाचा एक पोळपाटही हातात घेतला, नमुना म्हणून. आता बोलायलाही हीच, हे नसीमच्या मनात आलं, पण रस्ताभर ती जावेच्या दोन पावलं पुढंच चालली.

छबुबाईंच्या अंगणात लिंबाखाली पोळपाटांचा ढीग होता आणि त्याच्याभोवती दहा-अकरा बायका. भिवराबाई आणि वर्षाराणी एकच पोळपाट दोन्ही बाजूंनी धरून उभ्या होत्या.

"सोड ग, माझा हाय. मी सोता धुतलाय."

"धुतल्यानं आपला होत आसता तर सगळ्या गावची भांडी तुझीच की!"

छबुबाई खुर्चीत बसल्या होत्या. "ये ग नसीम. बघ माझी बरकत. घरात सुना दोन अन् पोळपाट तेरा!"

बायका हसल्या. शाईस्ता पुढं झाली. "काकू, त्याचं काय आहे, थोडा गैरसमज झालाय. आमच्या वस्तूंवर आम्ही..."

"तू थांब. हिला बोलू दे."

नसीमला बोलायला खरंच येत नव्हतं. ती ढिगापाशी खाली बसली. पहिला पोळपाट उचलून तिनं अंगठा कडेवरून फिरवला.

"हा तुमचा, भिवराबाई. हितं गाठ हाय. घेताना दाखवलती मी तुमाला, तुमी म्हणला चालंल." दुसरा उचलला. "वर्षाराणी, हा तुझा. एक पाय कणभर बारीक हाय, पटाशी सटकलती. म्हणून तुला लाटणं वरतून दिलतं." तिसरा तिनं उलटासुद्धा केला नाही. "हा जड हाय. बुंध्याकडचा. तलाठ्याच्या बाईंनी नेलता."

जिचं नाव घेतलं जाईल तिनं पुढं यायचं आणि आपला पोळपाट घ्यायचा, असं चाललं. नसीम मान वर करत नव्हती. अकरा संपले. उरलेले दोन जुने तिनं छबुबाईंच्या पायाशी सरकवले. "हे तुमचे. ह्यांस्नी हात कुणाचा लागला मला ठाऊक न्हाई, पर चांगला हात हाय."

छबुबाईंनी शाईस्ताच्या हातातला पोळपाट मागून घेतला. पाठीवरचं नाव वाचलं, वेल पाहिली. "अन् ह्याचं लाकूड कोणतं ग, शाईस्ता?"

शाईस्तानं नसीमकडं पाहिलं. नसीमला उत्तर माहीत होतं. तिनं ते दिलं नाही. गेल्या दीड वर्षात तिला एवढं सुख कुठल्याच क्षणानं दिलं नव्हतं. तो क्षण जरा लांबवावासा वाटला आणि तिनं तो लांबवला.

"सागवान," शाईस्ता म्हणाली. "हो ना भाभी?"

"सागवान!" वर्षाराणीनं पदर तोंडाला लावला. "आगं, बाभूळ ग बाई ती. लहान लेकराला कळंल."

"बाभूळ," नसीम म्हणाली.

"म्हंजे सगळे तूच करतीस," छबुबाई सावकाश म्हणाल्या. "मग नाव हिचं कावून?"

शाईस्ताचे कान लाल झाले. या प्रश्नाचं उत्तर नसीमनं खरादीच्या घरघरीत शंभर वेळा देऊन पाहिलं होतं, आणि दर वेळी ते आदल्यापेक्षा तिखट झालं होतं. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"अक्षर तिचं चांगलं हाय."

बोलल्याबरोबर तिचा तिलाच राग आला. ही तारीफ झाली की!

"रुखवत तू करशील," छबुबाई म्हणाल्या. "पर ठिपके आमचे हायती, माझ्या सासूनं घातलेले. तू तुझी दुसरी खूण बघ."

तू करशील. सगळ्या बायकांसमोर, नसीमकडं बोट करून. तिला वाटलं, आता घरी जाऊन अलिनाला हे कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. तेवढ्यात दारातून संस्कृतीचा आवाज आला. पुण्याला नोकरी करणारी नवरी मुलगी फोन हातात धरून तिथंच उभी होती. "आजी, पण नावं ह्या वहिनींच्याच अक्षरात हवीत हं! दोघांची नावं, तारीख आणि अशीच वेल. ती तर खरी गंमत आहे."

छबुबाई म्हणाल्या, "बरं, मग दोघी मिळून करा." शाईस्तानं मान हलवली. नसीमनंही हलवली. दुधात मिठाचा खडा पडावा तसं झालं.

परतीच्या वाटेवर शाळा मागं पडली. मग शाईस्ता हळूच म्हणाली, "भाभी, ठिपक्यांचं मला सांगायचं होतं ना."

"सांगून काय केलं असतंस?"

"नीट काढून दिले असते."

यातलं काय जास्त झोंबलं ते नसीमला नंतरही ठरवता आलं नाही, सागवानाच्या फजितीनंतरही ती हे बोलली हे, की ती ते चांगल्या मनानं बोलली हे.

रुखवताचं काम सुरू झालं. खूण कसली घालायची, याचा विचार नसीमच्या डोक्यातून जाईना. एकच गोष्ट पक्की होती. ती खूण शाईस्ताच्या पेनाला जमता कामा नये. तिसऱ्या दिवशी पोळपाट खरादीवर फिरत असताना तिनं पटाशीच्या टोकानं कडेवर केसाएवढी रेघ पाडली. मग तारेच्या एका तुकड्याची दोन्ही टोकं लाकडाच्या मुठींत अडकवली आणि ताणलेली तार त्या रेघेवर धरली. लाकूड गरगरत होतं, तार जागची हलत नव्हती. धुराची बारीक लकेर उठली, जळक्या बाभळीचा वास आला, आणि रेघ काजळासारखी काळी झाली. शेजारी तांदळाएवढी जागा सोडून तिनं दुसरी रेघ जाळली. जुळ्या काळ्या बांगड्या. कुठं जाड नाहीत, कुठं बारीक नाहीत. फिरत्या लाकडाशिवाय अशी रेघ कुणाच्या बापाला ओढता येणार नाही.

अलिना कॉलेजातून आली, तिनं पोळपाट हातात घेतला, डोळे मोठे केले आणि ओरडली, "चाची! ये, बघ अम्मीनं काय केलंय!"

तरी हाक चाचीलाच.

शाईस्ता आली. संस्कृतीचं आणि नवऱ्या मुलाचं नाव तिनं एका फळकुटावर आदल्या दिवशी नमुन्याला लिहूनच ठेवलं होतं. तिनं विचारलं, "खाली एका कोपऱ्यात माझा नंबर टाकू ना, भाभी? छोटासा?"

"नवरा-नवरीचं नाव टाक. बाकी काही न्हाई."

शाईस्तानं कडेच्या रेघांवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा. पेनाचं टोक एका तुकड्यावर टेकवून तशी रेघ ओढून पाहिली. ती थरथरत गेली. पुन्हा ओढली, तरी थरथरलीच. नसीम डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होती आणि तिला बरं वाटत होतं.

"माझ्या पेनानं नाही येत हे."

"न्हाईच येणार."

"मग मला खराद शिकवा."

ही खराद शिकली म्हणजे संपलंच, नसीमला वाटलं. अक्षरही तिचं आणि खरादही तिची. ती शांतपणे म्हणाली, "पटाशीला हात लावायच्या आधी दीड वर्ष मी अब्बांच्या पायाखालचा भुसा झाडलाय. भुसा येगळा, ढलप्या येगळ्या. कॉलेज शिकलेल्या बाईला जमंल का ते?"

आता ही जाईल, असं तिला वाटलं होतं. शाईस्तानं पेन काढून ठेवलं, ओढणी कमरेला खोचली आणि कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

नसीमनं पाठ फिरवून नवं लाकूड लावलं, पण खराद सुरू केली नाही. मागं केरसुणीचा आवाज होत होता. थोड्या वेळानं तिनं न राहवून वळून पाहिलं. भुसा एकीकडं, ढलप्या एकीकडं, दोन्ही ढीग नीट. हे वेगळं करायला नसीमला त्या काळी तीन महिने लागले होते. खरादीच्या पायाशी, जिथं हमखास राहतो तिथं, मूठभर भुसा राहिला असता तरी तिला जरा हलकं वाटलं असतं. ती वाकली, नीट पाहिलं.

तिथंही काही नव्हतं.